आडवा फोन

१४ जानेवारी, होस्टेल

रोहिणीताई,

मी सुनिता मॅडम झालो.

गॅदरिंगमध्ये साडी नेसून नाय. शाळेच्या ऑफिसातून, शाळेच्याच फोनवरून तुझ्या युनिव्हर्सिटीला फोन लावला आणि मॅडमच्या आवाजात बोललो. इंग्रजीत. आधी दोनदा खोकलो पण, मॅडम इंग्रजी सुरू करायच्या आधी खोकतात तसा.

हे करायला नको होतं. मला माहीत हाय. पत्र फाडू नको, पुढं वाच.

पत्र लिहितोय कारण तू मला ब्लॉक केलंयस. बरोबर केलंस. तू बंगलोरला निघायच्या आदल्या दिवशी मी तुझ्या होस्टेलचा वॉर्डन होऊन फोन केला, तुमची सीट कॅन्सल झाली म्हणून. तू ओरडशील, शिव्या देशील, मग मी हसत आत येईन, असा माझा हिशेब होता. तू फोन ठेवलास. बॅग उघडून एकेक ड्रेस परत कपाटात ठेवायला लागलीस. दारात उभा राहून मी बघत होतो नि माझ्याच्यानं हसवेना. पप्पांनी दुकानातला टायर काढायचा दांडा उचलला तेव्हा मला बरं वाटलं होतं, खरंच.

तर हिरू. तुला हिरू आठवत असेल. कोंडाण्याच्या वरच्या वाडीतला, आठवीत शाळेत आला तो. माझ्या खोलीत हाय. गणितात असा हाय की सर फळ्यावर चुकले तर तो मान खाली घालतो, सरांना लाज वाटू नये म्हणून. त्याला तुझ्याच युनिव्हर्सिटीत गणित शिकायचंय. फी, राहणं, जेवण सगळं माफ होईल अशी जागा हाय त्यांच्याकडं, पण मुलाखतीवर मिळते. ती नाय मिळाली तर बारावीनंतर आपल्या ट्रस्टची मदत संपली. वाडीच्या खाली एका शेठचं फार्महाऊस हाय, तिथं त्याला ठेवून घ्यायचं पक्कं झालंय. स्विमिंग पूल साफ करायचा नि कुत्र्यांना अंघोळ घालायची.

आणि आडवा फोन तर तुला माहीतच हाय. तू पण केलेस की बंगलोरहून, आमच्या आधीच्या बॅचला. मॅडम जुन्या पोरांना नंबर देतात, मग कधीही, जेवताना, संडासात असताना, अनोळखी नंबरवरून फोन येतो, ‘धिस इज प्रोफेसर अमुकतमुक’, आणि तू असशील तिथं खरी मुलाखत असल्यासारखं बोलायचं. भीती मोडावी म्हणून. अख्ख्या कर्जतात अशी तयारी दुसरी कुठली शाळा करून घेत नाय, असं ट्रस्टी दर भाषणात सांगतात.

आता पोरांना खोटे फोन उचलायचीच सवय लावली म्हटल्यावर मी गप बसणार का? नाताळच्या सुट्टीत हिरू वाडीवर गेला आणि मी शिळफाट्याला घरी. एक दिवसाआड मी त्याला फोन करायचो, दर वेळी नवा नंबर दाखवणाऱ्या ॲपवरून. कधी प्रोफेसर डिमेलो, कधी कुणी म्हातारे सर, घशात कफ अडकलेले. वाडीवर रेंज नाय. करवंदीच्या जाळीमागं एक कातळ हाय, त्याच्यावर उभं राहिलं तर दोन काड्या येतात. बिचारा माझ्या फोनसाठी रोज तिथं चढून बसायचा. पहिल्या दोन वाक्यांत मला ओळखायचा नि मग आमी बोंबलेस्तवर हसायचो.

मुलाखत सोमवारी होती. युनिव्हर्सिटीनं ती शनिवारी घेतली. तारीख बदलल्याचा मेल केला होता म्हणे, पण वाडीवर मेल कोण उघडतो?

सुट्टी संपवून हिरू खोलीवर आला. आल्याआल्या माझ्या पाठीत एक धपका घातला.

“मानलं रं कमळ्या तुला. बाईचा आवाज पण काढाय लागलास!”

“कुठली बाई?”

“आता नाटकं नको. शनिवारी. ‘व्हॉट ड्रॉज यू टू मॅथेमॅटिक्स’ बोल्लास. मी बोल्लो, बाई, आमच्या वाडीत सगळं उतारावर हाय, गणित तेवढं सपाट हाय. मराठीतच बोल्लो. तू हसला नाय, म्हटलं आज गडी लय पक्का हाय. मग विचारलंस सगळ्यात मोठी अडचण कुठली. मी बोल्लो, कमळ्या नावाचं एक गाढव माझ्या खोलीत राहतं. शेवटी बोल्लास एनी क्वेश्चन फॉर अस. मी बोल्लो, हां, घोरायचं कधी सोडणार?”

“मग?”

“मग ‘थँक यू, हिरू’ बोल्लास नि ठेवलास.”

ताई, शनिवारी माझा फोन पप्पांच्या गल्ल्यात बंद होता. मी दुकानात बसून एका ट्रकवाल्याला आरटीओ साहेब होऊन फोन केला होता, म्हणून काढून घेतलेला.

मी ते सांगितलं. हिरू हसतच होता. मग हसणं त्याच्या तोंडावर तसंच राहिलं, नि बाकीचा हिरू त्याच्या मागून निघून गेला.

तो मला मारेल असं वाटलं. मारायला पाहिजे होतं. तो बोल्ला, “चूक माझी हाय. मला ओळखायला पाहिजे होतं.” आणि बादली घेऊन नळावर गेला.

मी म्हटलं, मॅडमला सांगू, त्या फोन करतील तिकडं, होईल सगळं. तर म्हणतो, “नाय. मला शाळेत घेतलं तेव्हा पेपरात फोटू आला होता, आईच्या हातात चेक दिलेला. आई अजून त्या फोटूकडं बघत नाय. मागून मिळतं ते मला पुरं झालं. तू मॅडमला सांगितलंस तर मी उद्या वाडीला जाईन. भागूबाईची शपथ घे.” भागूबाई म्हणजे त्याची आई. मला पण ती डब्यातून मोहाच्या फुलांची भाकर पाठवते. मी शपथ घेतली, मॅडमला सांगणार नाय.

ती मी मोडलेली नाय, नीट बघ. मॅडमला मी काहीच सांगितलं नाय. मीच मॅडम झालो.

पहिला फोन मी तुला लावला होता. नाय लागला. माहीत असून लावला.

दुपारी ऑफिसातले मनोजभाऊ जेवायला जातात. मला तेव्हा तिथंच बाकावर बसवून ठेवलं होतं, कशासाठी ते सोड, प्रयोगशाळेतल्या सांगाड्याचा विषय हाय. मनोजभाऊ मलाच म्हणाले, “कमळ्या, फोन वाजला तर उचल, पण तुझ्याच आवाजात उचल.” आणि गेले.

आता गंमत ऐक. माझं इंग्रजी तुला माहीत हाय. ‘माय नेम इज कमलाकर’च्या पुढं वाटेत खड्डा लागतो. पण मॅडमचा आवाज लावला नि ताई, इंग्रजी असं वाहायला लागलं की मलाच भीती वाटली. तिकडं शनिवारी हिरूशी बोललेली तीच बाई होती. मी सांगितलं की दोष पोराचा नाय, आमचा हाय. आमीच पोरांना खोटे फोन उचलायला शिकवलं, मग खरा आल्यावर त्यांना काय कळणार? सांगितलं की त्याला ज्या पोराचा संशय आला ते पोरगं आमच्याच शाळेत हाय नि बिनकामाचं हाय. तुमी हिरूला एकदा परत विचारा. पण मी फोन केला ते त्याला कळू देऊ नका, तो मागणारा नाय.

तिनं हिरूचं पूर्ण नाव परत विचारून घेतलं. मग बोल्ली, बघते. आणि मग तिनं विचारलं, “त्या दुसऱ्या मुलाचं काय ठरवलंत?”

ताई, मी मॅडमच्या आवाजात होतो. मॅडम काय बोलल्या असत्या ते शोधायला गेलो तर आत काहीच सापडेना. म्हटलं, “आय हॅव नॉट डिसायडेड.” नि ठेवून दिला.

संक्रांत हाय आज. तिळगूळ पाठवत नाय, पोस्टात मुंग्या लागतात.

कमळ्या


३० जानेवारी

ताई,

तुझं उत्तर नाय. पत्र पोचलं का? कर्जतच्या पोस्टात टाकलंय, पेटीत हात घालून बघितलं खाली पडलं का ते. हात अडकला होता. पोस्टातल्या बाईंनी तेल लावून काढला.

हिरूला मेल आला! युनिव्हर्सिटीनं लिहिलंय की तारीख आमच्याकडून बदलली, तुमाला नीट कळलं नसेल, म्हणून परत मुलाखत. त्या बाईनं शब्द पाळला गं.

हिरूनं तो मेल मला वाचून दाखवला. उभा राहून. “बघ कमळ्या, मी मागितलं का? नाय. त्यांनी स्वतःहून दिलं. चूक झाली तर मोठी माणसं अशी निस्तरतात.” मी म्हटलं, हो रं. आणि गादीखाली चप्पल शोधायला लागलो. चप्पल पायातच होती.

काल मुलाखत झाली, कम्प्युटर रूममध्ये. मला दाराबाहेर उभं केलं होतं, कुणी आत घुसू नये म्हणून. म्हणजे चोरालाच वॉचमन. दाराला खाली फट हाय, तिथनं सगळं ऐकू येतं.

त्या बाईनं परत तोच प्रश्न विचारला, मोठी अडचण कुठली? मला वाटलं, तो आता वाडी सांगेल, पाणी सांगेल, बाप दारूत गेला ते सांगेल. मॅडमनी तयारी तीच करून घेतली होती, त्यानं समोरचा हलतो म्हणून. हिरूनं ते काय सांगितलं नाय. तो बोल्ला, पहिल्या वेळी मी तुमाला चेष्टा करणारा मित्र समजलो. सॉरी. पण तो मित्र अडचण नाय. मी वाडीवरून आलो तेव्हा शाळेत सगळे माझ्या बोलण्याची नक्कल करायचे. मी महिनाभर तोंड उघडलं नाय. माझा मित्र सगळ्यांची नक्कल करतो, हेडमास्तरांची, बकरीची, एसटीच्या हॉर्नची. माझी कधीच केली नाय. तेव्हा मी बोलायला लागलो.

इंग्रजीत बोल्ला हे सगळं. अडखळत, पण स्वतःच्या आवाजात.

खरं कारण तुला सांगतो, उगाच मोठेपणा नको. मला त्याची नक्कल जमायचीच नाय. वाडीची बोली अवघड असते.

मग ते दोघं गणिताचं बोलायला लागले नि मला झोप आली.

उत्तर दे. निदान शिव्या दे.

कमळ्या


९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आलं. मी पाकीट आधी हलवून बघितलं, मग वास घेतला. आत एकच ओळ. “हिरूला खरं सांग, नाहीतर तो इथे आल्यावर मी सांगेन.”

हस्ताक्षर चांगलं हाय तुझं अजून.

तू बरोबर बोलतेस, पण तुला हिरू माहीत नाय. त्याला जागा मिळाली, ताई. परवा कळलं. सगळं माफ. तो ओरडला नाय, नाचला नाय. माझ्याकडनं एसटीला पन्नास रुपये घेतले... जाऊदे, ते नको. वाडीवर गेला फक्त. मला पण नेलं. भागूबाई चुलीपुढं बसली होती. हिरूनं सांगितलं. तिनं विचारलं, “कुनाकडं मागितलंस?” हिरू बोल्ला, “कुनाकडं नाय गं.” तिनं परत विचारलं, “फोटू काढनार का?” तो बोल्ला, “नाय.” तेव्हा ती उठली नि फडताळातनं गूळ काढला. पहिला खडा मला दिला.

मी तो तोंडात ठेवून बसलो, ताई.

शेठच्या माणसाला हिरूनं त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं, मी येणार नाय. तो म्हणतो, बघ, परत जागा मिळणार नाय हां. हिरू बोल्ला, कुत्री चांगली हायत तुमची, दुसऱ्याला द्या.

आता त्याला कळलं की आपल्यासाठी कुणीतरी फोन करून मागितलं, नि ते पण मी, नि ते पण खोट्या आवाजात, तर काय करेल सांगू? रडणार नाय, भांडणार नाय. बादली घेऊन नळावर जाईल. आल्यावर युनिव्हर्सिटीला नीट अक्षरात कळवेल की मला नको. आणि वाडीला जाईल. तू बॅगेतले कपडे परत कपाटात ठेवलेस ना, तसंच. फक्त ह्या वेळी मी आत येऊन ‘खोटं होतं’ सांगू शकणार नाय, कारण ते खरं असेल.

उद्यापासून बोर्ड. माझ्यासाठी देवाला नमस्कार कर. हिरूसाठी करायची गरज नाय, तो स्वतः करतो.

कमळ्या


२२ मार्च, शिळफाटा

ताई,

पेपर संपले. कसे गेले विचारू नको, जसे आले तसे गेले.

मॅडमना कळलं.

शेवटच्या पेपरानंतर बोलावलं. मनोजभाऊंना म्हणाल्या, जरा चहा सांगून या, आणि तो फोन असतो ना टेबलावर, त्याच्यावर हात ठेवून बसल्या. मी उभा.

“बस. तिकडच्या बाईंचा फोन आला होता. हिरूबद्दल बोलायला. शेवटी विचारतात, त्या दुसऱ्या मुलाचं काय ठरलं? मी म्हटलं, कोण दुसरा मुलगा? तर त्यांनी मला माझंच बोलणं ऐकवलं.”

मी खाली फरशी बघितली. एक फरशी तुटलेली हाय, ती आमच्याच बॅचनं तोडली.

“कमलाकर, माझं इंग्रजी एवढं चांगलं कधीपासून झालं?”

मी म्हटलं, “मॅडम, तुमचंच हाय. मी फक्त...”

“माझं नाही. मी मोहोपाड्याच्या कॉलनीत वाढलेली बाई, अजून वाक्य मनात जुळवून मग बोलते. म्हणून खोकते आधी.” मग फोनवरचा हात काढला. “आणि ते खोटे फोन उचलायला आपणच शिकवलं, हेही मी बोलले म्हणे.”

“हो.”

“ते मला सुचायला पाहिजे होतं.”

आडवे फोन बंद केलेत, ताई. पुढच्या वर्षीपासून वेळ सांगून, नाव सांगून सराव. ट्रस्टींनी कारण विचारलं तर मॅडम म्हणाल्या, माझं मत बदललं.

मी विचारलं, “तुमी त्या बाईंना काय सांगितलंत?”

“मीच बोलले होते असं सांगितलं. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा खोटं बोलले, आणि ते तुझ्यासाठी नाही, हे लक्षात ठेव.” त्यांचा आवाज हलत होता. हा आवाज मी कधी काढला नव्हता. मला माहीतच नव्हता. “हिरूला हे कळणार. मी नाही सांगणार, तू सांगायचं. तिकडे त्याचं पहिलं सत्र होऊ दे. स्वतःच्या अभ्यासानं तो तिथे उभा राहिला, हे त्याला स्वतःला दिसू दे. मग दिवाळीत घरी येईल तेव्हा सांग. समोर बसून. तुझ्या आवाजात.”

मी हो म्हटलं. मग निघालो तर म्हणाल्या, “आणि दुसऱ्या मुलाचं मी ठरवलंय. सोमवारपासून दुपारी इथे यायचं. इंग्रजी. माझा आवाज लावलास तर हाकलून देईन.”

चार दिवस झाले जातोय. माझ्या आवाजात पाच वाक्यं येतात. सहाव्याला घाम फुटतो. मॅडम घाई करत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात. पुढं काय करायचं ते पण विचारलं. मी म्हटलं, रेडिओ. त्या हसल्या नाहीत. कुठं कुठं शिकवतात ते बघून ठेवते म्हणाल्या.

आणखी एक. मागच्या एका पत्रात तुला सांगितलं की हिरूची नक्कल मला जमायची नाय. ते खोटं. जमायची. पहिल्याच दिवशी जमली होती, त्याचा तो शब्दाच्या शेवटी वर जाणारा हेल, सगळं. संडासात एकट्यानं करून बघितली. आणि बाहेर आलो तर तो नळावर उभा होता, तोंड मिटून. मग नाय केली.

आता ऐक. हिरू जुलैत येतोय बंगलोरला, गाडीचा डबा कळला की लिहीन. स्टेशनवर जा. त्याला सरकत्या जिन्याची भीती वाटते, पण सांगणार नाय, तू मुद्दाम पायऱ्यांनी चल. माझा विषय काढेल. मेसमध्ये जेवताना बोलेल, बघा, मला इथं कुणाच्या उपकारावर घेतलं नाय. तेव्हा तू भात कालव, ताई. वर बघू नको.

पाया पडतो तुझ्या. दिवाळीपर्यंत कुणाला सांगू नको. आईला नको, ती भागूबाईला बाजारात भेटते. पप्पांना नको, टायरचा दांडा अजून तिथंच हाय. मनोजभाऊंना तर अजिबात नको, फोन माझ्यावर सोडून गेले म्हणून त्यांची नोकरी जाईल. हिरूला मी सांगणार हाय, भागूबाईची शपथ, ती मी एकदा पाळली, परत पाळीन. तेवढं मला सांगू दे. तू नको सांगू. कुणालाच नको सांगू गं.

कमळ्या